गुलामगिरीविरोधी चळवळीतील भाषणे: कोणती वाचावीत, आणि त्यांनी नेमके काय साधले?

प्रश्न : सुरसागरकाठ

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात आमचे एक लहानसे अभ्यास मंडळ आहे. महिन्यातून एकदा जमून एखाद्या ऐतिहासिक विषयावरचे मूळ लेखन मोठ्याने वाचायचे आणि मग त्यावर बोलायचे, असा आमचा परिपाठ आहे. येत्या हिवाळ्यासाठी इंग्लंड-अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीतील भाषणे घ्यावीत, असे मी सुचवले आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. परंतु ती माणसे कोण होती, कोणत्या सभागृहात, कोणासमोर आणि काय बोलली, हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचलेले असते, ही गोष्ट मला बऱ्याच काळापासून खटकत आली आहे.

मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी मात्र या सूचनेला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, ब्रिटनने मळेवाल्यांना भरपाई मोजली म्हणून तिथले गुलाम सुटले आणि अमेरिकेत चार वर्षे युद्ध झाले म्हणून तिथले सुटले. भाषणांनी कोणाचीही बेडी तुटली नाही, तेव्हा ती वाचणे म्हणजे केवळ वक्तृत्वाचे कौतुक करणे होय. ही हरकत मला पटत नाही, पण ती सहज बाजूला सारण्यासारखीही नाही. म्हणून जाणकारांना विचारते. या भाषणांचा प्रत्यक्ष घडामोडींशी संबंध कितपत होता? छापलेली भाषणे जशी झाली तशीच आपल्यापर्यंत आली आहेत का? आणि मराठी माणसांनी ती वाचताना आपल्या इतिहासातील कोणत्या गोष्टी शेजारी ठेवाव्यात?

उत्तर : निवृत्त_शिक्षक

ताई, काकांची हरकत गंभीरपणे घ्यावी अशीच आहे. मात्र भाषण म्हणजे व्यासपीठावरून उच्चारलेले शब्द आणि तेवढेच, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. या चळवळीत भाषण कधी एकटे आलेच नाही. त्याच्या मागे पुराव्यांचे गाठोडे असे आणि पुढे सह्यांचे अर्ज असत.

२२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा सभासदांपैकी नऊ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. क्वेकर शपथ घेत नसत, त्यामुळे पार्लमेंटची दारे त्यांना बंद होती आणि आपली बाजू तिथे मांडणारा खासदार त्यांना हवा होता. ते काम विल्यम विल्बरफोर्स यांनी पत्करले. दरम्यान थॉमस क्लार्कसन घोड्यावरून ब्रिस्टल, लिव्हरपूल अशी बंदरे पालथी घालत होते. त्यांनी खलाशांच्या जबान्या घेतल्या, हातकड्या आणि अंगठे पिळण्याची यंत्रे विकत घेतली, आणि जहाजांच्या हजेरीपटांवरून किती खलाशी सफरीत दगावतात याचा हिशेब मांडला. १२ मे १७८९ रोजी विल्बरफोर्स हाउस ऑफ कॉमन्समध्ये सुमारे साडेतीन तास बोलले, ते या सामग्रीच्या आधारावर. हा व्यापार म्हणजे ब्रिटिश आरमाराची पाठशाळा आहे, असे त्याचे समर्थक म्हणत. ती पाठशाळा नसून खलाशांची स्मशानभूमी आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले.

त्या भाषणाची सुरुवात मंडळात अवश्य वाचावी. मी कोणावर आरोप करण्यासाठी उभा नाही, ही लाज मी स्वतःकडे आणि या संपूर्ण पार्लमेंटकडे घेतो, कारण आपल्याच अधिकाराखाली हा भयंकर व्यापार चालू राहिला, आपण सगळेच दोषी आहोत, अशा आशयाचे ते बोलले. समोर बंदरांतील व्यापाऱ्यांचे हितसंबंध जपणारे सभासद बसलेले असताना त्यांना एकटे पाडण्याऐवजी सगळ्या सभागृहाला एका अपराधात सामील करून घेणे, ही मला त्या भाषणातील सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

आणि तरीही १७९१ मध्ये त्यांचा प्रस्ताव १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला गेला. इथे काकांचा मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटेल. पण सभागृहात हरलेले भाषण वृत्तपत्रांतून आणि पत्रकांतून गावोगाव पोहोचत होते. त्या काळात हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडिजची साखर वापरणे सोडले, आणि १७९२ मध्ये कॉमन्सकडे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज आले. त्या वर्षी व्यापार बंद करण्यास सभागृहाने मान्यता दिली खरी, परंतु हेन्री डंडास यांनी तो ‘क्रमाक्रमाने’ बंद व्हावा अशी दुरुस्ती घातली आणि त्या एका दुरुस्तीने पंधरा वर्षे खाल्ली. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला. गुलामगिरी तशीच राहिली. ‘क्रमाक्रमाने’ या धोरणावर सर्वांत कडक प्रहार केला तो एलिझाबेथ हेरिक यांनी, १८२४ च्या आपल्या पुस्तिकेत. त्यांची ‘तात्काळ मुक्ती’ ही मागणी पुरुष नेत्यांना सुरुवातीला अतिरेकी वाटली, तरी १८३३ पर्यंत चळवळीने तीच उचलली होती आणि त्या वर्षी स्त्रियांच्या एकाच अर्जावर १,८७,००० सह्या होत्या. भाषणे आणि कायदा यांच्यामधला दुवा या सह्यांमध्ये सापडतो.

उत्तर : कागदोपत्री

सरांनी दिलेला तपशील मोलाचा आहे, परंतु तो वाचून असे वाटू नये की सगळे काही लंडनमध्येच घडले. माझ्या मते काकांच्या हरकतीला खरे उत्तर मळ्यांवर मिळते.

ऑगस्ट १७९१ मध्ये फ्रेंचांच्या सँ-दोमँग वसाहतीत गुलामांनी उठाव केला. त्या उठावाच्या रेट्यामुळेच फ्रेंच राष्ट्रसभेने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा लादू पाहिली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्या सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. ब्रिटिश जमैकामध्ये १८३१ च्या नाताळात असाच मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी सॅम्युएल शार्प हा स्वतः गुलाम होता आणि बॅप्टिस्ट प्रार्थनासभांतून उपदेश करीत असे. तीनशेहून अधिक गुलामांना मृत्युदंड देण्यात आला आणि २३ मे १८३२ रोजी शार्प फासावर गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने मुक्तीचा कायदा केला. असे उठाव टाळायचे असतील तर आता थांबून चालणार नाही, हे तोवर सत्ताधाऱ्यांनाही कळून चुकले होते.

भरपाईबद्दल काका म्हणतात ते खरेच आहे आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दोन कोटी पौंड मालकांना मिळाले. ज्यांनी आयुष्यभर राबून ती संपत्ती निर्माण केली त्यांना एक पैसाही मिळाला नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे बिनमोल काम करावे लागले.

पण शार्पच्या उठावाकडे लक्षपूर्वक पाहिले तर भाषणे पुन्हा समोर येतात. तो वृत्तपत्रे वाचत असे. लंडनमध्ये मुक्तीची भाषा चालू आहे हे त्याला ठाऊक होते. राजाने स्वातंत्र्य दिले आहे आणि मळेवाले ते दाबून ठेवीत आहेत, असा समज गुलामांत पसरला होता. पार्लमेंटमधील वक्ता आपल्या समोरच्या खासदारांना उद्देशून बोलत होता, परंतु ते शब्द समुद्रापलीकडे अशा श्रोत्यांपर्यंत पोहोचत होते, ज्यांच्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता. शार्पचे प्रार्थनासभेतील शब्द मात्र कोणी लिहून घेतले नाहीत. ही पोकळी मंडळाला दाखवून देण्यासाठी हेन्री हायलँड गार्नेट यांचे १८४३ चे बफेलो येथील भाषण घ्यावे, असे मी सुचवेन. स्वतः गुलामीत जन्मलेल्या गार्नेट यांनी ते थेट गुलामांनाच उद्देशून केले आणि प्रतिकार करण्याचे आवाहन केले. कृष्णवर्णीयांच्या त्या परिषदेत भाषणाचा स्वीकार करावा की नाही यावर वाद झाला आणि अवघ्या एका मताने ते नाकारले गेले. विरोध करणाऱ्यांत फ्रेडरिक डग्लस होते.

उत्तर : पाठभेद

डग्लस यांचे नाव आले म्हणून लिहिते, कारण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे छापील भाषणांच्या विश्वासार्हतेचे, उत्तर त्यांच्यापासून सुरू करणे सोयीचे आहे.

डग्लस १८१८ मध्ये मेरिलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरमध्ये असताना, साधारण बाराव्या वर्षी, पन्नास सेंट देऊन त्यांनी ‘कोलंबियन ऑरेटर’ नावाचे शाळकरी मुलांसाठीचे वक्तृत्वाचे पुस्तक विकत घेतले. त्यात मालक आणि गुलाम यांच्यातील एक संवाद आहे. पळून जाताना पुन्हा पकडला गेलेला गुलाम मालकाच्या एकेका युक्तिवादाला उत्तर देतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो. ३ सप्टेंबर १८३८ रोजी डग्लस पळाले, आणि १८४१ मध्ये नँटकेट बेटावरील सभेत बोलल्यावर गुलामगिरीविरोधी पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या गटाने त्यांना वक्ता म्हणून नेमले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही फक्त हकीकत सांगा, तत्त्वज्ञानाचे आम्ही पाहून घेऊ. आपल्याच बाजूच्या लोकांनी घातलेली ही मर्यादा त्यांना जाचली. ते इतके सफाईने बोलू लागले की हा माणूस कधी गुलाम असेलच कसा, अशी श्रोत्यांत कुजबुज सुरू झाली. म्हणून १८४५ मध्ये त्यांनी मालकांच्या आणि गावांच्या नावांसह आत्मचरित्र छापले. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना आयर्लंड व ब्रिटनला जावे लागले. तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून कायद्याच्या दृष्टीने त्यांची मुक्तता विकत घेतली, तेव्हा कुठे १८४७ मध्ये ते निर्धास्तपणे परतू शकले.

मंडळाने एकच भाषण वाचायचे ठरवले तर ५ जुलै १८५२ चे रॉचेस्टर येथील भाषण वाचावे. तिथल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने कोरिंथियन हॉलमध्ये त्यांना स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलावले होते. चार जुलै त्या वर्षी रविवारी आल्याने सभा सोमवारी झाली. पाचशे-सहाशे श्रोते होते, बहुतेक गोरे आणि बहुतेक चळवळीबद्दल सहानुभूती असलेले. डग्लस आरंभी अतिशय विनयाने बोलतात आणि स्वातंत्र्ययुद्धातील पुढाऱ्यांची मनापासून स्तुती करतात. श्रोते निश्चिंत होतात. परंतु या स्तुतीत ते सातत्याने ‘तुमचे राष्ट्र’, ‘तुमचे पूर्वज’ असेच म्हणत असतात, आणि मग एका क्षणी थांबून विचारतात की मला आज इथे का बोलावले. हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोकच केला पाहिजे. गुलाम माणूस आहे हे सिद्ध करण्याचे ते सरळ नाकारतात. दक्षिणेतील कायदे गुलामांना गुन्ह्यांसाठी शिक्षा देतात, म्हणजे त्यांना जबाबदार माणूस मानतातच, मग मी वेगळा पुरावा कशाला देऊ? आता प्रकाशाची गरज नाही, आगीची आहे. हलक्या सरीची नाही, गडगडाटाची आहे, असे ते म्हणतात. त्यानंतर बाल्टिमोरमध्ये मध्यरात्री रस्त्यावरून नेल्या जाणाऱ्या साखळदंडातील माणसांच्या पावलांचा आवाज बालपणी ऐकल्याचे जे वर्णन येते, ते वाचताना आवाज स्थिर ठेवणे मला कधीच जमलेले नाही. पळालेल्या गुलामांना पकडून मालकांकडे परत पाठवण्याच्या १८५० च्या कायद्यावर आणि त्याविरुद्ध मूग गिळून बसलेल्या चर्चवर ते तुटून पडतात. शेवटी मात्र अमेरिकेची राज्यघटना स्वातंत्र्याचाच दस्तऐवज आहे असा दावा करतात. घटनेला गुलामगिरीशी केलेला करार मानणाऱ्या गॅरिसन यांच्यापासून ते थोड्याच काळापूर्वी वेगळे झाले होते, हे ठाऊक असल्याशिवाय त्या शेवटाचे वजन कळत नाही.

हे भाषण डग्लस यांनी आधी लिहून काढले होते आणि लगेच स्वतःच पुस्तिका म्हणून छापले, त्यामुळे त्याच्या पाठाबद्दल शंका नाही. विल्बरफोर्स यांच्या १७८९ च्या भाषणाची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा संसदेतील भाषणांची अधिकृत शब्दशः नोंद होत नसे. वार्ताहरांनी टिपलेले वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत. गुलामीतून सुटून वक्त्या झालेल्या कृष्णवर्णीय सोजर्नर ट्रूथ यांच्या बाबतीत तर फारच सावध राहावे लागते. २९ मे १८५१ रोजी अ‍ॅक्रन येथे झालेल्या त्यांच्या भाषणाचा वृत्तांत मॅरियस रॉबिन्सन यांनी महिन्याभरात छापला. त्यात ‘मी बाई नाही का?’ हे आज सर्वत्र उद्धृत होणारे पालुपद कुठेही नाही. ते आले फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, लिहिलेल्या आठवणीतून, आणि त्यात ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेकडील गुलामांची बोली घातलेली आहे. ट्रूथ न्यूयॉर्क राज्यात जन्मल्या होत्या आणि बालपणी डच बोलत होत्या. प्रसिद्ध पाठ वाचायचा असेल तर रॉबिन्सन यांचा पाठ आधी वाचावा. मला तर तोच अधिक भारदस्त वाटतो.

उत्तर : कापूसबाजार

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फुल्यांचा उल्लेख प्रत्येक जण करतो आणि तो योग्यच आहे. वर सांगितलेल्या मालक-गुलाम संवादामुळे एक गोष्ट सुचली, ती आधी लिहितो. ‘गुलामगिरी’ हे पुस्तकही जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातूनच उलगडते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु ज्याला बोलू दिले जात नाही त्याच्या तोंडी प्रश्न देणे आणि प्रश्नोत्तरांतून गुलामीचे समर्थन मोडून काढणे, ही रचना दोन्हींकडे असल्यामुळे मंडळात ते उतारे लागोपाठ वाचता येतील. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे आणि तिच्यात केवळ आदर व्यक्त करून फुले थांबत नाहीत. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी हाच कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा ते तिथे नोंदवतात.

मात्र फुल्यांच्याही तीस वर्षे आधीचा एक दुवा आपण जवळजवळ विसरलो आहोत. जॉर्ज थॉम्पसन हे ब्रिटनमधील गुलामगिरीविरोधी चळवळीचे अत्यंत गाजलेले वक्ते होते. मळेवाल्यांनी पगार देऊन नेमलेल्या पीटर बॉर्थविक यांच्याशी त्यांनी भरसभांत वाद घातले. १८३४-३५ मध्ये ते अमेरिकेत गेले तेव्हा त्यांच्याविरुद्ध इतका क्षोभ माजला की ऑक्टोबर १८३५ मध्ये बॉस्टनच्या जमावाने त्यांना शोधता शोधता गॅरिसन यांनाच दोरीने बांधून रस्त्यातून ओढले. हेच थॉम्पसन पुढे हिंदुस्थानच्या प्रश्नाकडे वळले. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या व्यासपीठावरून ते सांगत की, हिंदुस्थानातील शेतकऱ्यावरचा करांचा बोजा हलका केला तर तो मोकळ्या श्रमाने पिकवलेला कापूस मँचेस्टरला पुरवू शकेल आणि अमेरिकेतील गुलामांच्या कापसाचा आधारच निघून जाईल. १८४३ मध्ये ते द्वारकानाथ टागोर यांच्याबरोबर कलकत्त्याला आले आणि तिथेही त्यांनी व्याख्याने दिली.

मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याची गोष्ट यापुढची आहे. १८३९ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले, आणि त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन दीर्घकाळ तिथे राहिले. त्या लढ्यात कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याची बाजू ज्यांनी हिरिरीने मांडली, त्यांत थॉम्पसन प्रमुख होते. वेस्ट इंडिजच्या मळेवाल्यांविरुद्ध कमावलेली पद्धत, म्हणजे कागदपत्रे गोळा करणे, ती छापणे, आणि सभेत एकेक दस्तऐवज पुढे करून जाब विचारणे, तीच त्यांनी इंडिया हाउसमध्ये, म्हणजे कंपनीच्या लंडनमधील मुख्य कचेरीत, वापरली. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीत वारले आणि त्यांना न्याय मिळाला नाही. तरीही एका मराठी राज्याचा वकील आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचा वक्ता लंडनमध्ये एकाच कामासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीलाही पात्र ठरू नये याचे मला दुःख होते.

कापसाचे पुढे काय झाले हे गुजरातेत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, भरूचच्या आणि खानदेशच्या मालाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळून मुंबईचा बाजारही बुडाला.

उत्तर : दप्तरखाना

मी एक अवघड गोष्ट पुढे ठेवतो, कारण ती वगळून हा विषय मराठीत वाचला तर वाचन अपुरे राहील. गुलामगिरी ही परक्यांचीच गोष्ट होती, असा समज आपण करून घेऊ नये. कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, यांच्या खरेदी-विक्रीच्या, दंडापायी स्त्रियांना बटीक केल्याच्या नोंदी पेशवाईच्या दप्तरांत आहेत. मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून विकला जाऊनच दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. गुजरातेतील सिद्दी समाजाच्या इतिहासातही हिंदी महासागरातील गुलामांच्या व्यापाराचा मोठा भाग आहे.

१८३३ च्या ज्या कायद्याचा वर गौरवाने उल्लेख झाला, त्याच्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख स्पष्टपणे वगळलेला होता. १८४० मध्ये लंडनला भरलेल्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत हिंदुस्थानातील गुलामगिरीचा विषय निघाला आणि विल्यम अ‍ॅडम यांनी त्याच वर्षी तिच्यावर पुस्तक लिहिले. हिंदुस्थानातील गुलामगिरीबाबत १८४३ चा पाचवा कायदा झाला, तोही मर्यादित होता. कोणी गुलाम बाळगणे हा त्याने गुन्हा ठरवला नाही. गुलामावरचा हक्क कंपनीच्या न्यायालयांनी मानू नये, एवढेच त्याने सांगितले. खरेदी-विक्री हा गुन्हा ठरली ती भारतीय दंडसंहितेने, १८६२ पासून. हे सारे कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या मुलखापुरते होते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही संस्थाने त्या कायद्यांच्या थेट कक्षेत येत नव्हती.

मराठी वक्त्याचे भाषण हवे असेल, तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धतीविरुद्ध केलेले भाषण घ्यावे. मुक्त झालेल्या गुलामांच्या जागी मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद येथे हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जात होते. ही पद्धत राक्षसी आहे, मुळातच अन्याय्य आहे, फसवणुकीवर उभी आणि बळजबरीने टिकवलेली आहे, असे गोखले म्हणाले. ठराव फेटाळला गेला. भरती १९१७ मध्ये थांबली. भाषण संपूर्णपणे आकड्यांवर आणि सरकारच्याच अहवालांवर उभे आहे. क्लार्कसन यांची शिस्त इथे आपल्या माणसाच्या हाती दिसते, आणि मला ते विल्बरफोर्स यांच्या भाषणाच्या लगेच नंतर वाचायला आवडेल.

सुरसागरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांना मी हा सगळा धागा छापून दिला. मळ्यांवरील उठावांचा आणि भरपाईचा भाग वाचून त्यांचे समाधान झाले, आणि साताऱ्याच्या प्रकरणावर ते स्वतः टिपण लिहिणार आहेत. विल्बरफोर्स, गोखले, गार्नेट आणि डग्लस एवढे आता निश्चित आहे. एक शंका उरते. ट्रूथ यांच्या भाषणाचे दोन पाठ समजावण्यात पुष्कळ वेळ जाईल, म्हणून त्यांना स्वतंत्र बैठक द्यावी लागेल. पहिल्याच बैठकीसाठी एखाद्या स्त्रीचे असे भाषण सुचवता येईल का, ज्याचा पाठ विश्वासार्ह आहे आणि जे पाऊण तासात चर्चेसह आटोपेल?

उत्तर : पाठभेद

अँजेलिना ग्रिम्के यांचे १६ मे १८३८ चे फिलाडेल्फिया येथील भाषण घ्या. ते फार मोठे नाही, आणि त्याच वर्षी त्या सभागृहाच्या इतिहासासोबत छापले गेले.

ग्रिम्के दक्षिण कॅरोलायनातील गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत कुटुंबातील होत्या. घर सोडून त्या उत्तरेत आल्या आणि क्वेकर झाल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे त्या बोलल्या होत्या. स्त्री-पुरुषांच्या एकत्र सभेत बाईने बोलणे हेच तेव्हा अनेकांना अशोभनीय वाटे, चळवळीतल्याही काहींना. पेनसिल्व्हेनिया हॉल हे सभागृह चळवळीने खास बांधले होते, कारण इतरत्र जागा मिळत नसे. १४ मे रोजी ते उघडले. ग्रिम्के बोलत असताना बाहेर जमाव ओरडत होता आणि खिडक्यांवर दगड येत होते. छापील पाठात हे व्यत्यय मध्ये मध्ये नोंदलेले आहेत. त्या थांबत नाहीत. दगडांनाच आपल्या भाषणात घेतात. जमाव म्हणजे काय? एकूण एक खिडकी फोडली, हे सभागृह जमीनदोस्त केले, तरी त्यामुळे आपण चुकलो किंवा गुलामगिरी ही चांगली संस्था आहे असे सिद्ध होईल का, असे त्या श्रोत्यांना विचारतात. गुलामगिरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, ही साक्ष त्या देतात. दुसऱ्या रात्री जमावाने ते सभागृह जाळून टाकले.

भाषणाच्या अखेरीस त्या फिलाडेल्फियातील स्त्रियांना अर्ज करण्याचे आवाहन करतात आणि इंग्लंडमधील स्त्रियांनी पाठवलेल्या अर्जाचे उदाहरण देतात. सरांनी वर सांगितलेल्या १८३३ च्या अर्जाशी त्याचा संबंध जोडता येईल, आणि अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८३६ पासून असे अर्ज चर्चेविनाच बाजूला ठेवण्याचा नियम केला होता हेही तिथे सांगावे लागेल. तो नियम माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या सततच्या विरोधामुळे १८४४ मध्ये उठला. वाचताना दोन माणसे ठेवा. एकाने भाषण वाचावे आणि दुसऱ्याने कंसातील व्यत्यय, म्हणजे बाहेरचा आरडाओरडा आणि दगडांच्या नोंदी, जिथल्या तिथे वाचाव्यात.